सिम रेसिंगची सुरुवात: आधी पाय, मग हात

सिम रेसिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर किंवा कन्सोलवर खऱ्यासारखी गाडी पळवण्याच्या खेळाचं, सामान घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी स्टीअरिंग व्हील बघतो. साहजिकच आहे, फोटोत तेच उठून दिसतं. पण लॅपमधला (ट्रॅकच्या एका फेरीतला) वेळ बहुतेकदा ब्रेकच्या पेडलवर जातो आणि तिथेच परत मिळतो. खऱ्या गाडीत जोरात ब्रेक मारला की छाती पुढे फेकली जाते, पट्टा खांद्यात रुततो. घरच्या खुर्चीत यातलं काहीच होत नाही. डोळे आणि कान सोडले, तर गाडी किती जोरात थांबते आहे हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पायाखालच्या पेडलचा विरोध. म्हणून या लेखातला खर्चाचा क्रम दुकानातल्या क्रमापेक्षा थोडा वेगळा आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. यान मार्डेनबरोने २०११ मध्ये 'जीटी अकॅडमी' ही गेमरमधून खरे रेसर शोधणारी स्पर्धा जिंकली आणि गेमच्या कंट्रोलरवरून तो खरोखरच ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीपर्यंत पोचला. हे घडलं आहे, पण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. छंद म्हणून आलात तर मजा टिकते.

पायरी १: आधी सिम ठरवा

"कुठलं व्हील घेऊ?" याचं उत्तर "काय खेळणार आणि कशावर?" यावर अवलंबून असतं. कॉम्प्युटर असेल तर जवळजवळ सगळे पर्याय खुले असतात. कन्सोल असेल तर त्या कन्सोलसाठी बनलेलंच व्हील लागतं. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशनसाठी आहे आणि दिसायला त्याचंच भावंड असलेलं जी९२० एक्सबॉक्ससाठी. कॉम्प्युटरवर दोन्ही चालतात. फॅनाटेकच्या सामानात आणखी एक मेख आहे: प्लेस्टेशनशी जुळण्याची सोय मोटरच्या बेसमध्ये असते, तर एक्सबॉक्सची रिममध्ये, म्हणजे हातात धरायच्या चाकात. वापरलेला बेस एकाकडून आणि रिम दुसऱ्याकडून घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे तपासा.

आता सिम कुठलं? नुसती चव घ्यायची असेल तर २०१४ मध्ये आलेलं 'असेटो कोर्सा' अजूनही उत्तम आहे. मध्यम ताकदीच्या कॉम्प्युटरवर चालतं आणि लोकांनी त्यासाठी बनवलेल्या गाड्या-ट्रॅक्सना अंत नाही. जीटी३ गाड्यांचं (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांचं) वेड असेल तर त्याच कंपनीचं 'असेटो कोर्सा कॉम्पेटित्झिओने' घ्या. 'रेसरूम' फुकट सुरू करता येतं, आवडलेली गाडी आणि ट्रॅक नंतर विकत घ्यायचे. 'ल मां अल्टिमेट'मध्ये एन्ड्युरन्स रेसिंगचे, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींचे, हायपरकार आहेत. प्लेस्टेशनवाल्यांसाठी 'ग्रान टुरिस्मो ७' आहे. आणि २००८ पासून चालू असलेलं 'आयरेसिंग' खास ऑनलाइन शर्यतींसाठीच बांधलेलं आहे. तिथे वर्गणी भरावी लागते, वर बऱ्याचशा गाड्या आणि ट्रॅक वेगळे घ्यावे लागतात, त्यामुळे खिशाला ते सगळ्यात जड जातं. मात्र ठरलेल्या वेळी, आपल्या तोडीच्या लोकांबरोबर, नियमांनी चालणारी शर्यत हवी असेल तर त्याला तोड नाही, असं माझं मत.

एक निवडा आणि निदान महिनाभर त्याच्याशीच राहा. प्रत्येक सिममध्ये टायर आणि ब्रेकचा स्वभाव वेगळा असतो. आज हे, उद्या ते असं केलं की पाय कशाशीच जुळत नाही. व्हील घ्यायच्या आधी साध्या गेमपॅडवर असेटो कोर्सा किंवा ग्रान टुरिस्मो खेळून बघायलाही हरकत नाही. एकाच ट्रॅकवर तासभर फिरून कंटाळा येत असेल, तर महागडं सामान आणूनही तो येणारच.

पायरी २: व्हील, पण हात राखून

व्हीलच्या बेसमधली मोटर तुमच्या हातापर्यंत तीन प्रकारे पोचते. गिअरवर चालणारी व्हील्स स्वस्त, दणकट आणि थोडी खडखडणारी असतात. बेल्टवाली मऊ चालतात, पण बारीक धक्के थोडे गिळतात. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये रिम थेट मोटरच्या दांड्यावर बसते, मध्ये काही नसतं.

ताकद न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. जी२९च्या वर्गात ती साधारण २, थ्रस्टमास्टर टी३०० सारख्या बेल्टवाल्यात ४च्या आसपास, मोझा आर५ किंवा फॅनाटेक सीएसएल डीडी यांसारख्या लहान डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ५ ते ५.५. हे आकडे हाताला किती लागतात? रिमचा व्यास ३० सेंटीमीटर धरला तर ५ न्यूटन-मीटर म्हणजे रिमच्या कडेला सुमारे साडेतीन किलोचा ओढा. १२ न्यूटन-मीटर म्हणजे ८ किलोच्या वर, तोही अर्धा-पाऊण तास सलग. ५ ते ८मध्ये बहुतेकांचं आयुष्य निघतं. त्यापुढची ताकद वाईट नाही, पण तिच्यासाठी राखून ठेवलेले पैसे पेडलवर गेले तर जास्त वसूल होतात.

डायरेक्ट ड्राइव्ह घेतलंच तर अंगठे आऱ्यांच्या आत अडकवून धरू नका. भिंतीवर आपटल्यावर रिम झटक्याने फिरते आणि अंगठा मध्ये सापडतो. गाडी आपटणार हे दिसलं की हात सोडून द्यायची सवय लावा. पहिल्या आठवड्यात ताकद निम्म्यावर ठेवा.

पायरी ३: पेडल, इथे खर्च करा

स्वस्त पेडलमध्ये ब्रेक किती *खाली गेला* हे मोजलं जातं. लोड सेल असलेल्या पेडलमध्ये किती *जोर लावला* हे मोजलं जातं. फरक इथेच आहे. पाय किती सेंटीमीटर सरकला हे शरीराला नीट लक्षात राहत नाही, किती जोर दिला हे मात्र राहतं. खऱ्या रेसिंग गाडीतलं ब्रेकचं पेडलही फारसं हलत नाही, दगडासारखं असतं आणि चालक जोरावरच खेळतो.

म्हणून बजेट मर्यादित असेल तर साधं व्हील आणि लोड सेलचा ब्रेक ही जोडी, भारी व्हील आणि साध्या ब्रेकपेक्षा जास्त वेगवान ठरते. क्लचचं पेडल सुरुवातीला नसलं तरी चालतं. आधुनिक रेसिंग गाड्यांत गिअर स्टीअरिंगमागच्या बोटाने ओढायच्या पट्ट्यांनीच (पॅडल) बदलतात.

लोड सेल जोडल्यावर त्याचा कमाल जोर ठरवावा लागतो आणि इथे बहुतेक जण घाई करतात. नीट बसा, नेहमीचे बूट किंवा मोजे घाला आणि अंग खुर्चीतून न उचलता जितका दाबता येईल तितका ब्रेक दाबा. सॉफ्टवेअरमध्ये जो आकडा दिसेल त्याच्या पाऊणपट किंवा थोडा जास्त म्हणजे तुमचे १०० टक्के. पूर्ण ताकदीला १०० ठेवलं तर शर्यतीच्या शेवटी पाय थकतो आणि ब्रेकिंग पॉइंट आपोआप पुढे सरकायला लागतो.

मग गाडीत बसायच्या आधी एक सराव करा. कॅलिब्रेशनची पट्टी (पेडल किती टक्के दाबलं ते दाखवणारी) स्क्रीनवर उघडी ठेवा, डोळे मिटा आणि तुमच्या अंदाजाने बरोबर ५० टक्के दाबा. डोळे उघडून बघा. पहिल्यांदा ३५ किंवा ७० दिसेल. मग ८०, मग २०, आणि शेवटी ९०वरून हळूहळू शून्यावर, कुठेही न अडखळता. रोज पाच मिनिटं हे केलं तर काही दिवसांत पाय मापात येतो. बघायला बावळटपणा वाटतो, पण याच्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्या पाच मिनिटांचा होत नाही.

ब्रेक डाव्या पायाने दाबायला पहिल्या दिवसापासून शिका. रस्त्यावर उजव्या पायाने ब्रेक मारणाऱ्यांचा डावा पाय सुरुवातीला अडाणी असतो, पण तो शिकतो.

पायरी ४: जे हलतं ते बांधा

टेबलाला क्लॅम्प केलेलं व्हील चालेल. अडचण खुर्चीची आहे. चाकांची ऑफिस खुर्ची असेल तर जोरात ब्रेक दाबला की पेडल पुढे आणि तुम्ही मागे जाता. लोड सेल असूनही जोर खुर्ची सरकवण्यात वाया जातो. उपाय साधे आहेत: पेडलची पाटी भिंतीला टेकवा, खुर्चीची चाकं काढा किंवा ती जुन्या बुटांत बसवा, आणि खुर्चीचा दांडा पेडलच्या पाटीला पट्ट्याने बांधा. त्या पट्ट्याने ताण धरला की अर्धी रिग, म्हणजे व्हील-पेडल-खुर्ची धरून ठेवणारा सांगाडा, तयार झाली.

घडीचा व्हील स्टँड जागा वाचवतो, पण ८ न्यूटन-मीटरच्या वर तो डुलतो. कायमची जागा असेल तर ॲल्युमिनियम प्रोफाइलची रिग घ्या, ४० बाय ४० किंवा ४० बाय ८० मिलिमीटरची. ती नटबोल्टवर जुळते, हवी तशी बदलता येते आणि पुढची सगळी खरेदी पेलते. बसल्यावर गुडघा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि मनगट रिमच्या वरच्या कडेवर पाठ न उचलता टेकलं पाहिजे.

पायरी ५: स्क्रीन आणि फील्ड ऑफ व्ह्यू

नवख्याची गाडी वळणात उशिरा वळते, त्यामागे कित्येकदा चुकीचा फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दाखवलेल्या दृश्याचा कोन, असतो. गेमने दिलेला कोन बहुधा फार रुंद असतो. तो वेगाचा भास देतो, पण वळणं आहेत त्यापेक्षा लांब दाखवतो.

बरोबर कोन काढायला फक्त मोजपट्टी लागते. स्क्रीनची निम्मी रुंदी भागिले डोळ्यापासूनचं अंतर, त्याचा व्यस्त टॅन, गुणिले दोन. २७ इंची, १६:९ स्क्रीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद असते. डोळे ६० सेंटीमीटरवर असतील तर आडवा कोन सुमारे ५३ अंश येतो. काही सिम आडवा कोन विचारतात, काही उभा. हाच स्क्रीन उभ्या कोनात सुमारे ३१ अंश. ५३चा आकडा उभ्याच्या खणात टाकला तर सगळंच बिघडतं.

पहिल्या दिवशी हे दृश्य अरुंद वाटेल, आरसे दिसणार नाहीत, वेग कमी वाटेल. दोन-तीन दिवस थांबा. स्क्रीन व्हीलच्या बेसच्या मागे, जमेल तितका जवळ आणा. जवळ आला की कोन आपोआप रुंद होतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तीन स्क्रीन लावले तर शेजारची गाडी दिसते, पण ग्राफिक्स कार्डला मोठा भार सोसावा लागतो. व्हीआरमध्ये अंतराचा अंदाज सगळ्यात चांगला येतो, मात्र मळमळायला लागलं की त्याच क्षणी हेडसेट काढा. रेटून बसलात तर उद्याही मळमळेल. प्रकाश आणि सावल्यांची सेटिंग सगळ्यात कमी ठेवली तरी चालेल, पण फ्रेमचा वेग सलग राहिला पाहिजे.

पायरी ६: फोर्स फीडबॅक

फोर्स फीडबॅक म्हणजे मोटरने व्हीलमधून हाताला दिलेला जोर. त्याच्या सेटिंगच्या पानावर वीसेक सरकपट्ट्या असतात. त्यातल्या बहुतेकांना हात लावू नका. व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याचा कोन ९०० अंश ठेवा. हल्लीची सिम गाडीप्रमाणे मर्यादा स्वतः लावतात. मग फक्त एका गोष्टीकडे बघा: क्लिपिंग.

सिमला जितका जोर पाठवायचा आहे तितका मोटर देऊ शकत नसेल तर सिग्नल १०० टक्क्यांवर जाऊन सपाट होतो. त्यावरचे सगळे बारकावे, कर्बचा (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा) धक्का, टायर सुटायला लागल्याची कुजबुज, तिथेच मरतात. व्हील जड लागतं आणि काहीच सांगत नाही. बहुतेक सिममध्ये फोर्स फीडबॅकची एक पट्टी स्क्रीनवर लावता येते. लांब, वेगवान वळण असलेल्या ट्रॅकवर जा (बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकचं ओ रूज वळण यासाठी छान, तिथे गाडी दरीत दबते) आणि पट्टी बघा. वळणभर ती टोकाला चिकटून राहत असेल तर सिममधली ताकद कमी करा. एखाद्या कर्बवर क्षणभर टोक गाठलं तर चालतं. छोट्या व्हीलवर थोडं क्लिपिंग मान्यच करावं लागतं, नाहीतर बाकी सगळं फिकं लागतं.

आता कशाची वाट बघायची? पुढच्या टायरची पकड संपत येते तेव्हा व्हील जड होत नाही, उलट हलकं पडायला लागतं, आणि हे पकड पूर्ण जायच्या किंचित आधी घडतं. नवखा चालक इथे व्हील आणखी वळवतो. करायचं असतं उलटं: हात तिथेच थांबवा किंवा किंचित सोडा, टायर परत पकडतो.

पायरी ७: एक गाडी, एक ट्रॅक

पहिली गाडी म्हणून माझदा एमएक्स-५ घ्या. ताकद कमी, वजन कमी, चूक केली तर लगेच दाखवते. जीटी३ दिसायला भारी, पण तिचं एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) तुमच्या पायाच्या चुका झाकून टाकतात.

ब्रेकिंगचे खुणेचे दगड ठरवा: अंतराचा फलक, कर्बची सुरुवात, डांबरातला जोड. सावली कधीच नको, दुपारची शर्यत संध्याकाळी झाली की ती सरकते. खुणेवर पोचलात की ब्रेक पटकन पूर्ण जोरावर न्या. विंग असलेल्या गाड्यांत वेग जास्त असताना पकडही जास्त मिळते आणि सुरुवातीचे ते काही मीटर फुकट घालवण्यासारखे नसतात. टायर कण्हायला लागला, व्हील हलकं पडलं, म्हणजे चाक लॉक होत आहे (फिरायचं थांबून घसरतं आहे), किंचित सोडा. मग व्हील जसजसं वळेल तसतसा ब्रेक सोडत जा, एपेक्सपर्यंत (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूपर्यंत) थोडासा राहू दे. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुढच्या टायरवर वजन राहतं म्हणून गाडीचं नाक वळतं. ब्रेक एकदम सोडला तर नाक उचलतं आणि गाडी सरळ जाते. वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर झटकन सोडला तर एमएक्स-५चा मागचा भाग बाहेर येतो. हेही मुद्दाम, रिकाम्या ट्रॅकवर करून बघा, म्हणजे शर्यतीत दचकायला होणार नाही.

आधीच्या लॅपपेक्षा किती पुढे-मागे आहात हे दाखवणारी डेल्टाची पट्टी सुरुवातीला बंद ठेवा. नजर तिच्यावर गेली की पुढच्या खुणेवरून हटते. सलग दहा लॅप ट्रॅकबाहेर न जाता आणि साधारण अर्ध्या सेकंदाच्या फरकात आल्या की तुम्ही शर्यतीला तयार. तुमची सर्वोत्तम लॅप किती, याला तूर्त महत्त्व नाही.

पायरी ८: पहिली ऑनलाइन शर्यत

वायफाय सोडा, केबल लावा. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. १०० मिलिसेकंदांच्या उशिरात साडेपाच मीटर, म्हणजे एका गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. समोरची गाडी तुमच्या स्क्रीनवर दिसते तिथे ती तिच्या चालकाच्या स्क्रीनवर नसते. म्हणून बंपरला बंपर चिकटवू नका.

आयरेसिंगमध्ये सुरुवात रूकी परवान्याने होते, मग डी, सी, बी, ए. बढती वेगावर मिळत नाही, सेफ्टी रेटिंगवर, म्हणजे किती स्वच्छ चालवता यावर, मिळते. चाकं ट्रॅकबाहेर गेली तर दंडाचा १ गुण, ताबा सुटला तर २, दुसऱ्या गाडीला जोरात धडक दिली तर ४. चूक कोणाची हे यंत्रणा बघत नाही, गुण दोघांना लागतात. नवखे यावर फार चिडतात. पण हिशोब पार केलेल्या वळणांच्या तुलनेत होतो, त्यामुळे स्वच्छपणे शेवटपर्यंत गाडी आणणाऱ्याचं रेटिंग चढतंच.

पहिल्या काही शर्यतींत क्वालिफाइंग (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या लॅप्स) न करता मागून किंवा पिट लेनमधून सुटा. पहिल्याच वळणावर पुढचे एकमेकांत घुसतात, तुम्ही बाजूने निघून जाता. पहिल्या लॅपला ब्रेक नेहमीपेक्षा आधी दाबा. पुढे रांग लागली की प्रत्येक गाडी तिच्या पुढच्यापेक्षा थोडी आधी थांबते, मागच्यांना अंतर उरतच नाही. इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकची पहिली शिकेन (पाठोपाठची उलटसुलट वळणं) याचा नमुना आहे: ताशी २५० किलोमीटरच्या वरून गाडी दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरवर येते आणि रस्ता एकदम अरुंद होतो.

गाडी फिरली तर ब्रेक (आणि पेडल असेल तर क्लच) दाबून तिथेच थांबा. थांबलेल्या गाडीला लोक चुकवतात, मागे-पुढे घरंगळणारी गाडी कोणालाच चुकवता येत नाही. ट्रॅकवर परत येताना मागून कोण येतंय ते रिलेटिव्हच्या खिडकीत (पुढच्या-मागच्या गाड्यांची अंतरं दाखवणाऱ्या यादीत) बघा आणि वाट मोकळी होईपर्यंत थांबा. दहा सेकंद गेले तरी चालतील. निळा झेंडा (मागून वेगवान गाडी येते आहे याची खूण) दिसला तर घाबरून बाजूला उडी मारू नका. आपल्या रेषेवर राहा, वेगवान गाडी स्वतः वाट काढते. 'क्रू चीफ' नावाचं फुकट सॉफ्टवेअर शेजारी गाडी आहे हे कानात सांगतं, एका स्क्रीनवाल्यांनी ते लावलंच पाहिजे.

कोणी मुद्दाम ठोकलं तर चॅटमध्ये भांडू नका. रिप्ले जतन करा, शर्यतीनंतर दोन्ही गाड्यांच्या कॅमेऱ्यातून बघा, मग तक्रार करायची का ठरवा. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून गोष्ट बऱ्याचदा वेगळी दिसते.

देखभालीचं थोडं

साध्या पेडलमधला पोटेन्शिओमीटर (पेडल किती गेलं ते मोजणारा भाग) धुळीने खराब होतो आणि ब्रेक आपोआप फडफडायला लागतो. कॅलिब्रेशनच्या पट्टीत पाय न लावता हालचाल दिसली तर हेच कारण, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा सुटतं. व्हील मधेच डिस्कनेक्ट होत असेल तर आधी यूएसबी हब काढून थेट कॉम्प्युटरला जोडा आणि विंडोजमधली यूएसबीची वीजबचत बंद करा. फर्मवेअर शर्यतीच्या संध्याकाळी कधीही अपडेट करू नका. रिगचे बोल्ट महिन्यातून एकदा आवळा, कंपनाने ते सैल होतातच.

सेटअपच्या आकड्यांत डोकं घालायची घाई नको. ब्रेक बायस, म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जातो, तेवढा शिका, कारण बऱ्याच रेसिंग गाड्यांत तो गाडी चालवतानाच बदलता येतो. ब्रेक मारताना मागचा भाग नाचत असेल तर एक-दोन टक्के पुढे घ्या, पुढची चाकं लॉक होत असतील तर मागे. स्प्रिंग, डॅम्पर, विंग यांच्याकडे वळायची वेळ येते ती तुमच्या लॅप्स एकसारख्या झाल्यावर. तोपर्यंत बदल गाडीमुळे झाला की तुमच्यामुळे, हेच कळत नाही. त्यानंतर एखादी लीग बघा, जिथे तेच पंधरा-वीस लोक दर आठवड्याला भेटतात, किंवा दोघा-तिघांची टीम करून एन्ड्युरन्सला उतरा. तिथे तासाभराने गाडी साथीदाराच्या हातात द्यायची असते, आणि तो पहिला प्रश्न विचारतो तो ब्रेकचाच: "बायस किती ठेवलायस?"